वळवाच्या पावसात पडलेलं साळुंकीचं पिल्लू : सांभाळू कसं?

अंगणवेल
२१ मे २०२४, रात्री ९.४०

मिरजेत काल संध्याकाळी वळीव झाला. पाऊस कमी, वारंच जास्त. वारं थांबल्यावर मुलगा खाली खेळायला गेला आणि पाच मिनिटांत ओंजळीत काहीतरी धरून वर आला. साळुंकीचं पिल्लू आहे.

आमच्या जिन्याच्या व्हेंटिलेटरमध्ये दरवर्षी साळुंक्या घरटं करतात. यंदा रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी तिथे जाळी ठोकली. घरटं अर्धं आत, अर्धं बाहेर लोंबत राहिलं. मी ते पाहिलं होतं आणि काही बोलले नाही, हे कालपासून मनाला लागून राहिलंय.

पिल्लाचे डोळे उघडे आहेत. पाठीवर आणि पंखांवर निळसर काळ्या नळ्या आहेत, काहींच्या टोकाला पीस डोकावतंय. पोट उघडंच आहे. चोचीच्या कडा पिवळ्याधमक, फुगीर. चाहूल लागली की मान ताणून एवढं मोठं तोंड उघडतं की बाकीचं पिल्लू दिसतच नाही. बुटाच्या खोक्यात कापसावर ठेवलंय. कालपासून ड्रॉपरने दूध आणि कुस्करलेला दूधभात देतेय. आज दुपारपासून जरा मलूल वाटतंय, शी पातळ पाण्यासारखी होतेय.

काय खायला देऊ? किती वेळाने? आमच्या आजीकडे सांगलीला पिंजऱ्यात मैना होती, तिचं बोलणं मला अजून आठवतं. आम्हाला हिला पाळायला आवडेल. मुलाने चिंगी नावही ठेवलंय.

माळरान
२१ मे २०२४, रात्री ९.५२

ताई, दूध आत्ताच्या आत्ता बंद करा. भातही. ड्रॉपरने चोचीत काहीही ओतू नका, पाणीसुद्धा नाही. आता रात्र झाली, पिल्लू झोपू दे, उबेत आणि अंधारात. सविस्तर लिहितो.

माळरान
२१ मे २०२४, रात्री १०.३५

मी पुण्यात गेली नऊ वर्षं पडलेली पिल्लं सांभाळतो आणि सोडतो. साळुंक्या सगळ्यांत जास्त येतात, कारण त्या माणसाच्या भिंतीत घरटं करतात आणि माणूस मे महिन्यातच भिंती दुरुस्त करायला काढतो.

पक्ष्यांना दूध पचत नाही. त्यांच्या शरीरात ते पचवायची सोयच नाही, म्हणून जुलाब होतात. पिल्लाच्या अंगात पाणी असतं ते केवढं! जुलाबांत एका दिवसात ते आटून जातं. आणि भातावर साळुंकीचं पिल्लू वाढत नाही. मोठी साळुंकी फळं, धान्य, आपलं शिळंपाकं सगळं खाते, पण पिल्लाला आईबाप जवळजवळ किडेच भरवतात. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'अॅक्रिडोथेरीस'चा अर्थच नाकतोडे पकडणारी असा आहे.

उद्या सकाळी उजाडल्याबरोबर हे द्या : मांजराचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून, स्पंजासारखं मऊ झालं की वाटाण्याएवढे तुकडे करायचे. मिरजेत पेट शॉपमध्ये सुटं मिळेल. ते येईपर्यंत उकडलेलं अंडं चालेल, पांढरं आणि पिवळं दोन्ही, कुस्करून, किंचित ओलं करून. बोथट चिमट्याने किंवा आइस्क्रीमच्या लाकडी काडीने तोंडात जरा आतल्या बाजूला ठेवायचं, गिळायचं काम त्याचं. पाणी त्याला या ओल्या खाण्यातूनच मिळतं. जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं. ड्रॉपरने टाकलेला एक थेंब तिथे गेला की फुप्फुसात जातो आणि पिल्लू जातं. मी माझी पहिली दोन पिल्लं अशीच घालवली आहेत, म्हणून इतकं निक्षून लिहितोय.

या वयाला दर अर्ध्या तासाने, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. रात्री नाही. तोंड उघडायचं थांबलं की आपणही थांबायचं. खाऊन झाल्यावर पिल्लू शेपटीकडचा भाग वर करेल आणि पांढऱ्या पिशवीत बांधल्यासारखी शी टाकेल. टिश्यूने उचलली की झालं. ती पिशवी नीट बांधलेली यायला लागली म्हणजे पोट ताळ्यावर आलं.

कापूस काढा. नखं अडकतात, तंतू पायाला गुंडाळले जातात. लहानशी वाटी घ्या, त्यात टिश्यू पेपर वाटीच्या आकारात दाबून बसवा, म्हणजे पाय पोटाखाली राहतील. सपाट खोक्यात पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि ते पुढे दुरुस्त होणं कठीण असतं.

आता पाळायचं म्हणता त्याबद्दल. ते उद्या बोलू. आधी जगू दे.

बाभूळबन
२१ मे २०२४, रात्री ११.१०

मी पशुवैद्य आहे, नागपूरला. माळरान यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. थोडी भर घालते.

अंगावर पूर्ण पिसं नाहीत म्हणजे त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. बाटलीत गरम पाणी भरा, पंच्यात गुंडाळा, वाटीच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर ते सरकेल. पिल्लू तोंड वासून धापा टाकत असेल तर उष्णता जास्त होतेय. पंख्याचा झोत नको. थंड पडलेल्या पिल्लाला कधीही भरवू नका, आधी ऊब, मग अन्न. थंड पोटात अन्न पचत नाही, तसंच कुजतं.

पोटावरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. तशीच उभी राहिली तर शरीरातलं पाणी फार कमी झालंय. मग घरी प्रयोग न करता पशुवैद्याकडे न्या.

घरात स्वयंपाकाचा ओटा जवळ आहे का? नॉनस्टिकचा तवा जास्त तापला की जो वायू सुटतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतात. उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, काहीच त्या खोलीत नको.

कर्दळ
२२ मे २०२४, सकाळी ७.१५

मी वकील आहे. पाळण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते, कारण हे बहुतेकांना ठाऊक नसतं आणि चांगली माणसं नकळत अडचणीत येतात.

साळुंकी, पहाडी मैना, भांगपाडी मैना, पोपट, मुनिया, आपल्याकडचा जवळजवळ कुठलाही रानपक्षी पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पिंजऱ्यात प्रेमाने ठेवलाय की कसा, हा प्रश्न कायद्यात येत नाही. जखमी किंवा अनाथ पिल्लू उचललंत हा गुन्हा नाही, पण ते आपल्या ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत वनविभागाला किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं असतं. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन आहे. फोन करा, तारीख-वेळ लिहून ठेवा. पुष्कळदा ते जवळच्या वनपालाचा किंवा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या पक्षिमित्रांचा नंबर देतात.

पक्षी पाळायचाच असेल तर बजी किंवा कॉकाटिएल हे मूळचे परदेशी लहान पोपट घ्या. ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले असतात.

अंगणवेल
२२ मे २०२४, दुपारी १.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाटली ठेवली. सकाळी साडेसहाला अंडं दिलं. चार घास खाल्ले आणि तुम्ही म्हणालात तशी पिशवी टाकली! कातडी चिमटीत धरून पाहिली, हळूहळू का होईना सपाट होतेय.

१९२६ला फोन केला. वनविभागाचे एक गृहस्थ दुपारी येऊन पाहून गेले. त्यांनी नोंद केली. सध्या भरवणारं कोणी आहे तर तुमच्याकडेच राहू दे, उडायला लागलं की कळवा, म्हणाले.

आईबापांकडे परत देता येईल का, असा प्रश्न मनात आहे. माणसाचा हात लागला की ते घेत नाहीत ना?

माळरान
२२ मे २०२४, दुपारी १.४०

घेतात. हाताच्या वासाने पिल्लाला टाकतात हा गैरसमज आहे, आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी पिल्लं आईबाप जवळ असताना घरात आणली जातात. कुठल्याही पिल्लासाठी पहिला पर्याय आईबापच. आपण अर्ध्या तासाने भरवतो आणि दमतो. ते दोघं मिळून दिवसभर फेऱ्या घालतात, शिवाय साळुंकीपण शिकवतात. ते आपल्याला येत नाही.

एक लहान परडी घ्या, तळाला पाणी जायला भोकं हवीत. आत सुकं गवत घाला, पिल्लू ठेवा, आणि जुन्या घरट्याच्या जितकं जवळ बांधता येईल तितकं बांधा, वर आडोसा करून. मग तुम्ही घरात जा. दोन तास खिडकीआडून पाहा. आईबाप आले, भरवलं, तर तुमचं काम संपलं. दोन तासांत कोणीच आलं नाही तर परत घ्या. मांजर आणि कावळे यांच्यावर लक्ष ठेवा.

अंगणवेल
२२ मे २०२४, सायंकाळी ६.२०

दोन तास नाही, अडीच तास बसले. कोणी आलं नाही. वॉचमन काका म्हणाले, परवा रात्री उरलेली दोन पिल्लं मेलेली सापडली, त्यांनी ती बागेत पुरली. सकाळी एक जोडी बराच वेळ जाळीवर ओरडत होती, मग गेली. आता समोरच्या शाळेच्या पत्र्याखाली एक जोडी काड्या नेताना दिसतेय, तीच असेल.

म्हणजे आता ही आमचीच जबाबदारी. आणखी एक, मुलाच्या हातावर बारीक लाल पुरळ आलंय, खाज सुटतेय. पिल्लाचं काही आहे का?

बाभूळबन
२२ मे २०२४, रात्री ८.५५

घरट्यातले कोळीकिडे आहेत. साळुंकीच्या घरट्यात ते हमखास असतात, मोहरीच्या दाण्याहून बारीक, चालताना दिसतात. ते पक्ष्याचं रक्त पितात, माणसावर राहत नाहीत, पण चावतात. पिल्लावर ढेकूण-झुरळांचा फवारा मारायचा विचारही करू नका. टिश्यू दिवसातून चार वेळा बदला, जुना लगेच बाहेर टाका, परडी आणि खोकं घराबाहेर काढा. दोन-तीन दिवसांत संपतील. मुलाने पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम आजपासून कायमचा. पुरळ वाढलं तर त्याला डॉक्टरांना दाखवा.

सड्यावरचा
२३ मे २०२४, रात्री १०.००

धागा वाचतोय आणि राहवत नाही म्हणून लिहितो.

सावंतवाडीला माझ्या आजोबांकडे पहाडी मैना होती. काळीभोर, उन्हात जांभळी चमकणारी, मानेमागे पिवळ्या कातडीचे पट्टे. गावच्या कोणीतरी रानातून पिल्लू काढून आणून दिलं होतं. १९८०च्या आसपासची गोष्ट. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटत नसे. रुखवतावरच्या भरतकामात राघूमैना, पाळण्यावर राघूमैना, तशी ओटीवर मैना.

ती आजोबांचं बोलणं बोलायची. आजोबा बाजारातून आले की पायरीवरून हाक द्यायचे, 'इलंय गे!' ती हाक तिने इतकी हुबेहूब उचलली की आजी चहाचं आधण ठेवायची आणि बाहेर येऊन बघते तर ओटीवर कोणी नाही.

पिंजरा लोखंडी, दोन हात लांब. आत एकच गुळगुळीत दांडी. सकाळी सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून, दुपारी आमचंच जेवण, संध्याकाळी केळं. आठ वर्षं होती. शेवटच्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं. दांडीवर बसल्या जागी धाप लागायची, शेपटी श्वासाबरोबर वर-खाली व्हायची. बोलायची थांबली. आजोबांनी ओवा दिला, हळद दिली. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाला पडलेली मिळाली. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं म्हातारी झाली.

डॉक्टरताई, हे काय असेल हो? चाळीस वर्षं हा प्रश्न आमच्या घरात आहे.

बाभूळबन
२३ मे २०२४, रात्री ११.२०

काका, पक्षी समोर नसताना आणि यकृत तपासल्याशिवाय खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. पण फुगलेलं पोट, धाप, शेपटीचं हलणं, आणि पहाडी मैना, हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय लोह साठण्याच्या आजाराचा घेतात. जगभर पिंजऱ्यातल्या पहाडी मैनांमध्ये आणि मोठ्या चोचीच्या टूकन पक्ष्यांमध्ये हा आजार ठरलेला आहे.

रानातली पहाडी मैना मुख्यतः फळांवर जगते, त्यात लोह फार कमी. म्हणून तिचं शरीर मिळेल तेवढं लोह ओढून घेतं. पिंजऱ्यात आपण लोहाने भरलेलं अन्न देतो. तुमच्याकडे सातू आणि गूळ होता, शहरात लोक कुत्र्याचं खाणं देतात, कोणी प्रेमाने कलेजी देतो. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट तिच्या शरीरात नाही. ते यकृतात साठतं, मग हृदयात. यकृत निकामी झालं की पोटात पाणी भरतं आणि श्वासाला जागा उरत नाही. वर्षानुवर्षं बाहेरून काही दिसत नाही. पक्षी बोलतो, खातो, चमकतो. दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आजोबांची चूक नव्हती. तेव्हा गावात हे कोणाला ठाऊक असणार?

निशिगंध_ठाणे
२४ मे २०२४, दुपारी १२.३०

वरची पोस्ट वाचून हातपाय गार पडले. आमच्याकडे सहा वर्षांपासून पहाडी मैना आहे. सासऱ्यांनी एका दुकानातून आणली, दुकानदाराने कायदेशीर आहे म्हणून सांगितलं होतं. विकताना त्याने हिची जीभ 'मोकळी केली आहे, म्हणून छान बोलेल' असंही सांगितलं. आम्ही तिला भिजवलेले कुत्र्याचे दाणे, संत्रं आणि मनुका देतो. आता काय करू? ती आमच्या घरातली आहे, सासूबाईंशी दिवसभर बोलते.

बाभूळबन
२४ मे २०२४, दुपारी ३.१५

घाबरू नका, पण आजच बदल करा. कुत्र्याचे दाणे आणि मनुका बंद. संत्रं, मोसंबी, लिंबू, पेरू बंद, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. फळं द्यायची तर सफरचंद, नासपती, द्राक्षं, केळं, कलिंगड. मैनांसाठी मुद्दाम कमी लोहाच्या गोळ्या बनवतात, त्या मागवता येतात, पाकिटावर लोहाचं प्रमाण वाचून घ्या. मीठ, चॉकलेट, कांदा, अॅव्होकॅडो कधीही नाही. लोखंडी किंवा गंजकी वाटी काढून चिनी मातीची ठेवा.

पायांचे तळवे पाहा. एकाच गुळगुळीत दांडीवर वर्षानुवर्षं बसून तळव्याला फोड येतात, ते पिकतात. पेरूच्या, कडुनिंबाच्या खरखरीत फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या घाला. आणि रोज अंघोळीला पसरट भांड्यात पाणी. मैनेला अंघोळीचं वेड असतं.

जिभेबद्दल लिहिताना माझा हात कापतो. पक्षी जिभेने शब्द काढतच नाही. त्याचा आवाज श्वासनळी जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथल्या अवयवातून येतो. जीभ सोलणं, तासणं ही नुसती इजा आहे, तिचा बोलण्याशी काही संबंध नाही. किती पिल्लं त्यात रक्त जाऊन मरतात. तसंच मिरची खाऊ घातली की बोलतो, हेही खोटं.

कर्दळ
२४ मे २०२४, रात्री ९.०५

निशिगंध, दुकानदाराने खोटं सांगितलं. आपल्याकडच्या मैनेची विक्री कायदेशीर असूच शकत नाही. पहाडी मैनेला तर कायद्यात सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. वनविभागाशी स्वतःहून बोला, सोबत पशुवैद्याचं पत्र ठेवा. सहा वर्षं माणसात राहिलेला पक्षी रानात सोडता येत नाही, त्यामुळे ते तिची व्यवस्था लावतील. सासूबाईंना जड जाईल, मला कळतंय. पण तिला खिडकीतून गुपचूप उडवून देऊ नका. दोन दिवसांत उपाशी मरेल.

सड्यावरचा
२४ मे २०२४, रात्री १०.४५

आभार, डॉक्टरताई. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी गुळाचं बोट लावलं नसतं तिला.

बस्तरला कांगेर घाटीत गेलो होतो दोन वर्षांपूर्वी. छत्तीसगडचा राज्यपक्षी आहे ही मैना. उंच वाळक्या झाडाच्या शेंड्यावर चार बसल्या होत्या आणि शिट्ट्या मारत होत्या. गंमत म्हणजे पहाडी मैना रानात दुसऱ्या कोणाची नक्कल करत नाही, फक्त आपल्याच लोकांचे आवाज उचलते, असं तिथल्या वाटाड्याने सांगितलं. म्हणजे आमची मैना आजोबांना आपल्यातलं समजत होती.

यारा_काठी
२५ मे २०२४, पहाटे ५.३०

मेलबर्नहून. तुम्ही एका पिल्लासाठी इतकी माणसं रात्री जागताय आणि इथे साळुंकी म्हणजे शत्रू. १८६२च्या सुमारास याच शहरात किडे खाईल म्हणून आणून सोडली. आता पार पूर्व किनाऱ्यावर पसरली आहे आणि इथल्या पोपटांच्या ढोल्या बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जिवांच्या यादीत तिचं नाव आहे. कॅनबेरात तर नागरिकच सापळे लावून पकडतात.

इथल्या पोपटांसाठी ते आवश्यक आहे हे मला पटलंय, तरी शेजारी 'इंडियन मायना' म्हणून तोंड वाकडं करतात तेव्हा वाईट वाटतं. ती स्वतःहून आली नाही, माणसाने आणली. चिंगीला तिच्या मुलखात जन्म मिळालाय. तिला उडू द्या.

अंगणवेल
२९ मे २०२४, रात्री ९.१५

आठ दिवसांचा वृत्तांत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन करतेय : ४८ ग्रॅमवरून ८९. नळ्या फुटून पिसं आली आहेत, पंखावर पांढरा पट्टा दिसतो. डोकं अजून तपकिरी आहे, काळं नाही. डोळ्यामागची पिवळी कातडीही फिकी आहे.

आजचा शोध सांगते. तिच्यासमोर हात धरला की ती माझ्या दोन बोटांच्या फटीत मिटलेली चोच खुपसते आणि आत गेल्यावर उघडते. बोटं फाकतात, ती आत एक डोळा लावून बघते, काही नाही म्हटल्यावर शेजारची फट. कोणी शिकवलं हिला? मुलगा वहीची पानं मिटून धरतो, तर पानांतही तेच.

माळरान
२९ मे २०२४, रात्री ९.५०

गवताच्या बुडख्यात चोच घालून उघडायची आणि खाली किडा आहे का बघायचं, ही या कुळाची रीत आहे. आता तिला खरं काम द्या. ट्रेमध्ये माती, वर गवताचा गड्डा, आत नाकतोडे आणि मिलवर्म. मिलवर्म म्हणजे पक्ष्यांना खायला देतात त्या अळ्या, ऑनलाइन मिळतात. गांडुळं नकोत, त्यांच्यातून श्वासनळीत कृमी होतात.

आणि आता अवघड सांगतो. तिच्याशी बोलणं कमी करा. नावाने हाका मारू नका. मांडीवर, खांद्यावर घेऊ नका. एकट्या वाढलेल्या पिल्लाला माणूसच आपली जात वाटायला लागते. मग ते सोडल्यावर अनोळखी माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतं, आणि सगळी माणसं तुमच्या मुलासारखी नसतात. खिडकीपाशी ठेवा, जिथून बाहेरच्या साळुंक्या दिसतील, ऐकू येतील.

अंगणवेल
३ जून २०२४, रात्री ८.३०

आज उडाली. खुर्चीच्या पाठीवरून पडद्याच्या दांडीवर. मग खाली उतरता येईना, तासभर ओरडत बसली. मुलाशी कालच बोलले होते की आता हाक मारायची नाही. तो दाराआड उभा राहून तोंडावर हात धरून बघत होता.

गॅलरीला मच्छरदाणीची जाळी लावून तिथे ठेवलंय. फांद्या, मातीचा ट्रे, अंघोळीची परात. पहिल्या अंघोळीत परातीतलं पाणी सगळं बाहेर.

अंगणवेल
२० जून २०२४, रात्री ९.००

चार दिवसांपासून स्वतः खातेय. चिमटा पुढे केला तर तोंड उघडत नाही, हिसकावून घेते. नाकतोड्याला फरशीवर आपटून पाय झाडून टाकते. वजन १०६. सकाळी शाळेच्या पत्र्यावरच्या साळुंक्या ओरडल्या की जाळीला चिकटून उत्तर देते. डोक्यात काळी पिसं यायला लागली आहेत. कधी सोडू?

माळरान
२० जून २०२४, रात्री ९.४०

आणखी आठ-दहा दिवस. तीन गोष्टी बघा : दिवसभर हातचं काही न देता वजन टिकतं का, गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ उडून नेमकी बसते का, आणि मांजर दिसलं की कर्कश ओरडून उंच जाते का. मग उघडीप असलेली सकाळ बघून जाळी एका बाजूने सोडा. हाकलू नका. वाटी जागेवरच ठेवा. ती येईल-जाईल. ही येजा थांबणं म्हणजेच सुटका.

अंगणवेल
१४ जुलै २०२४, रात्री १०.१०

१ जुलैला सकाळी आठ वाजता जाळी सोडली. पाऊण तास कडेवर बसली, मग समोरच्या गुलमोहरावर. संध्याकाळी सहाला परत, वाटीतलं खाऊन गॅलरीतल्या फांदीवरच झोपली. पाच दिवस असंच. सहाव्या रात्री आली नाही. मी आणि मुलगा टॉर्च घेऊन खाली झाडाखाली फिरलो. सातव्या दिवशी सकाळी आली, सोबत आणखी एक साळुंकी. ती दुसरी वाटीजवळ यायला तयार नव्हती, पत्र्यावरून ओरडत राहिली. चिंगीने चार घास घेतले आणि तिच्याबरोबर गेली.

१० तारखेनंतर आलेली नाही. वाटी तशीच राहते, मुंग्या लागतात. आज बंद केली. संध्याकाळी स्टँडसमोरच्या पिंपळावर शेकडो साळुंक्या रात्रीच्या मुक्कामाला येतात, काय तो कलकलाट! मुलाला घेऊन गेले होते. त्याने विचारलं, आई, यातली कोणती? मी म्हटलं, ओळखू येत नाही. तो बराच वेळ वर बघत उभा होता. मग म्हणाला, चल, घरी जाऊ.

सोसायटीच्या सभेत बोलले. पुढल्या वर्षी रंगकाम आणि जाळ्या दिवाळीनंतर करायचं ठरलंय, घरटी नसताना. वनविभागालाही कळवलं.

निशिगंध_ठाणे
१५ जुलै २०२४, दुपारी १२.००

खूप बरं वाटलं वाचून. आमची मैना वनविभागाच्या मदतीने उपचार केंद्रात आहे. रक्ततपासणीत यकृतावर परिणाम दिसला, आता कमी लोहाचा आहार सुरू आहे. सासूबाई दर रविवारी फोन करून विचारतात.

शेवंता
११ मे २०२५, सायंकाळी ६.२५

लातूरहून लिहितेय, धागा वर काढते. आज गच्चीवर साळुंकीचं पिल्लू सापडलं. पिसं पूर्ण आहेत, शेपटी आखूड, उड्या मारतंय पण उडत नाहीये. दोन मोठ्या साळुंक्या डोक्यावरून फिरतायत आणि ओरडतायत. घरात आणलंय. दूध देऊ का?

अंगणवेल
११ मे २०२५, सायंकाळी ६.३१

शेवंता, दूध नको, पाणीही पाजू नका. हे पडलेलं नाही, उडायला शिकतंय, आणि त्या दोन साळुंक्या त्याचे आईबाप आहेत. उजेड आहे तोवर लगेच परत गच्चीवर न्या, कुंडीतल्या झाडाच्या फांदीवर उंचावर ठेवा आणि तुम्ही खाली या. मांजर येत असेल तर जिन्याचं दार बंद करा. दाराच्या फटीतून बघत राहा, चोचीत किडा घेऊन कोणी आलं का ते लिहा. मी जागी आहे.